समोरच्या घराच्या पत्त्यावर

विल्कर फेरी, पेनसिल्व्हेनिया
२७ फेब्रुवारी २०२३, सोमवार

अ‍ॅग्नेस,

हसू नकोस. हो, तिकीट लावून पाठवलंय. तूच म्हणालीस ना, "बर्नी, माझ्या पोर्चवर पाय ठेवलास तर बघ!" म्हणून पोर्चवर पाय न ठेवता जे जमतं ते करतेय. पोस्टमन कर्टिसनं पाकिटावरचा पत्ता वाचला, मग रस्त्यापलीकडे तुझ्या घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मिसेस हुडाक, आत्ता चालत जाऊन टाकू का हे?" मी म्हटलं, "मुळीच नाही. रीतसर जाऊ दे." बिचाऱ्यानं ते पिशवीत टाकलं. आता हे पत्र पिट्सबर्गला जाईल, तिथल्या यंत्रांतून फिरून परत आपल्याच गल्लीत येईल. तेवढ्यात तुझा राग उतरला तर बरंच आहे.

गुरुवारी चर्चच्या तळघरात तू जे केलंस ते बरं नाही केलंस. आई गेल्यापासून लेंटच्या उपवासातल्या दर गुरुवारी आपण दोघी एकाच टेबलावर उभ्या राहतो. तू लाटतेस, मी सारण भरून कडा दाबते. सगळ्या बायका जोडीनं काम करतात, पण आपल्या टेबलावरच्या पिरोही शुक्रवारच्या विक्रीत सगळ्यात आधी संपतात, हे फादर मिरोसुद्धा कबूल करतात. आणि तू सगळ्यांदेखत लाटणं ठेवलंस, हात झटकलेस आणि जाऊन उकळत्या पातेल्यापाशी उभी राहिलीस. तिथं कधीतरी उभी राहिली होतीस का तू? वाफेनं तुझा चष्मा धूसर होतो म्हणून तूच कुरकुरतेस.

मी विचारलं ते काय वाईट विचारलं? अंगणात पाटी लावायच्या आधी मला सांगायचं होतंस, एवढंच. सकाळी पडदा सरकवला तर समोर "आमच्या मुलांना निवड हवी". आणि माझ्या अंगणात "मॅपल स्ट्रीटची शाळा वाचवा". रस्त्यानं जाणारे गाड्या हळू करून बघतात, दोन बहिणींची सर्कस.

आता माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना तू मध्ये बोलू शकत नाहीस. बोर्डाच्या सनदेवर वेगळी चालणारी ती नवी चार्टर शाळा, तिथं एक मूल गेलं की त्याच्यामागे आपल्या घरपट्टीतले पैसे तिकडे जातात. इथली बस तेवढीच फिरते, बॉयलर तेवढंच इंधन खातो, छप्पर तेवढंच गळतं. मग आमचं शाळा बोर्ड दरवर्षी शाळेचा कर वाढवतं, आणि तो कर कोण भरतं? तू, मी आणि गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या. कारखाना बंद झाला त्याला किती वर्षं झाली, कर भरायला दुसरं आहे कोण इथं?

तुझं म्हणणंही मला पाठ आहे. तेच तू पीठ लागलेलं बोट माझ्यासमोर नाचवून म्हणालीस. "मॅपल स्ट्रीटमध्ये बोलायला शिकवणारी बाई होती. तिला आठवड्यातून एक दिवसावर कुणी आणलं? तुमच्या बोर्डानं. हात कुणाकुणाचा वर होता, बर्नी?" माझा होता. अगं, पैसे नव्हते म्हणून होता! आणि पैसे का नव्हते, तर नव्या शाळेत जात होते म्हणून. यावर तू म्हणालीस, "म्हणजे माझी नात तोतरी राहिली तर दोष नव्या शाळेचा?" आणि लाटणं ठेवलंस.

तुझी डेलेनी त्या दिवसापासून आली नाही. शाळा सुटल्यावर तिची दोन बिस्किटं माझ्या स्वयंपाकघरात असतात, हे तिला कुणीतरी सांग. ती माझ्यापाशी मोठ्यानं वाचायची, एखाद्या शब्दावर अडायची, आणि मी म्हणायचे, "वेळ घे, कुणाच्या घराला आग लागलेली नाही." मग यायचा शब्द. नेहमी यायचा.

एप्रिलच्या एकोणीस तारखेला मतदान आहे. नव्या शाळेची सनद आणखी पाच वर्षं वाढवायची की नाही. तू जाताना दारातून म्हणालीस, "विरोधात हात वर केलास तर मला बहीण नाही असं समजेन." तू रागात बोललीस, हे मला माहीत आहे. पण तू रागात बोललेलं पाळतेस, हेही मला माहीत आहे.

बर्नी

ता. क. बोर्डाच्या पुढच्या सभेत वेळ संपल्याची घंटा माझ्याकडे आहे. मागच्या वेळी तू माइकवर लांबत गेलीस, तेव्हा तो करवाढीविरुद्ध बोलणारा रस बोयर मागून ओरडला होता, "बहिणीला पाच मिनिटं आणि आम्हाला तीन का?" अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. मी शब्द दिलाय, तीन म्हणजे तीन, कुणीही असो. तेव्हा आटोपतं घे.


१६ मार्च, गुरुवार

अ‍ॅग्नेस,

पहाटेपासून हे पत्र चारदा सुरू केलं. आज मी चर्चमध्ये गेले नाही. पिरोहींचं काय झालं कोण जाणे.

काल तू आटोपतं घेतलंस. माइकसमोर आधी नाव, मग पत्ता सांगायचा हा नियम, आणि तू ठसक्यात म्हणालीस, "अ‍ॅग्नेस कोव्हल, चारशे अठरा, रिज स्ट्रीट. त्या घंटावाल्या बाईंच्या बरोब्बर समोर." शाळेचं अख्खं जिम हसलं. मीही हसले, तू पाहिलंस का? घंटेच्या आत तू बसलीससुद्धा. मला वाटलं, चला, निभावलं.

मग डेलेनी उठली.

मला कुणी सांगितलं नव्हतं की ती बोलणार आहे. तू सांगायला हवं होतंस. एवढंच म्हणते, पुढे नाही म्हणत.

नावावरच ती अडली. तिच्या नावाचं पहिलं अक्षरच तिचा वैरी आहे, आईबापांनी काय म्हणून ठेवलं ते नाव! मग पत्ता. चारशे अठरा म्हणता म्हणता तिचे कान लाल झाले. कुणी खोकललं नाही की खुर्ची सरकवली नाही, रस बोयरसुद्धा खाली मान घालून बसला होता. ती म्हणाली, "मी आधी मॅपल स्ट्रीटला होते. तिथं मी बोलायचे नाही." एवढं म्हणायला तिला किती वेळ लागला ते माझ्यासमोरच्या घड्याळात मला दिसत होतं, आणि ते मी बघत होते. तेच चुकलं. मी घड्याळाकडे बघत होते, पोरीकडे नाही.

मग ती "पण"वर आली. प, प, प. ओठ मिटलेले, डोळे घट्ट बंद. काटा फिरला. अध्यक्ष माझ्याकडे वाकून पुटपुटले, "बर्नी, राहू दे." ऐकलं मी. पण माझ्या डोक्यात रस बोयरचं ओरडणं होतं, आणि मी दिलेला शब्द, आणि ही माझ्या घरातली मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत आहे हा विचार. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी घंटेला हात लावला नसता, अ‍ॅग्नेस. देवाशपथ नसता लावला. आपली होती म्हणून वाजवली.

आणि घंटा तरी कोणती! मॅपल स्ट्रीटचीच, पितळेची. मधली सुट्टी संपली की आपल्याला धावत आणायची तीच. जिममध्ये ती केवढ्यानं वाजली. डेलेनीनं डोळे उघडले. तिनं शोधलं कुणी वाजवली ते, आणि तिला मी दिसले.

तिनं कागदाची घडी घातली. तू तिला घेऊन मधल्या वाटेनं निघून गेलीस. माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

सभा संपल्यावर रस बोयर येऊन माझा हात दाबून म्हणाला, "नियम म्हणजे नियम. मानलं तुम्हाला." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. कोट चढवला आणि घरी आले. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा होता. मी रस्त्यावर उभी राहिले होते थोडा वेळ. तू पडदा लावलास.

तिला सांग, चूक माझी. नाही, नको सांगू. माझं मी सांगेन. ती भेटेल का मला?

बर्नी


८ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

अ‍ॅग्नेस,

टोपलीवर आशीर्वाद घ्यायला तू सकाळी नऊच्या प्रार्थनेला गेलीस, मी अकराच्या गेले. कर्टिसकडून कळलं मला. माझं आणि तुझं रडगाणं तोच बिचारा इकडून तिकडे वाहतो. माझ्या टोपलीत पास्का पाव, हॅम, अंडी, बिटाचं तिखट. फादर मिरोंनी पाणी शिंपडलं आणि विचारलं, "यंदा एकच टोपली?" मी म्हटलं, "माणूसही एकच आहे."

गेल्या आठवड्यात मी तुला फादरांच्या हाती अक्रोडाचा रोल पाठवला होता, आईच्या निळ्या ताटलीत. ताटली काल माझ्या कठड्यावर सापडली. घासलेली, पुसलेली, चकचकीत. आणि रिकामी.

अगं, रिकामी? आपल्या घरी कधी कुणाचं भांडं रिकामं परत गेलंय? घरात काही नसेल तर आई चार सफरचंदं टाकायची. तेही नसेल तर मूठभर मीठ. शेजारच्या कुत्र्यानं लचका तोडला होता आपल्या बाबांचा, त्या शेजाऱ्याची थाळीसुद्धा रिकामी गेली नाही. तू मुद्दाम केलंस, आणि मला समजेल हे ओळखून केलंस. समजलं. छान समजलं.

ताटली कपाटात वर ठेवली आहे. मुलाचा फोन आला होता फीनिक्सहून. म्हणतो, "आई, घर विक आणि इकडे ये, तिकडं कोण आहे तुझं?" मी म्हटलं, माझी बहीण समोरच राहते.

बर्नी


२० एप्रिल, गुरुवार

अ‍ॅग्नेस,

तुला कळलंच असेल. पाच विरुद्ध चार, सनद वाढवली नाही. मी विरोधात हात वर केला.

आता ऐक. हे पत्र फाडायच्या आधी एवढं वाच.

मी तुमच्या नव्या शाळेत जाऊन आले होते. तुला माहीत नाही. मागच्या मंगळवारी, बोर्डाची सदस्य म्हणून, रीतसर परवानगी काढून. मागच्या बाकावर बसले. एक तरुण शिक्षिका एका मुलासमोर उकिडवी बसून नुसती वाट बघत होती, तो शब्द काढेपर्यंत. चेहऱ्यावर घाई नाही, काही नाही. डेलेनीला तिथं बरं का वाटतं ते मला कळलं. मला लबाड म्हणू नकोस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तिथून मी थेट मॅपल स्ट्रीटला गेले. दुसरीच्या वर्गात एक मुलगा तसाच अडत होता, डाव्या रांगेत, बसक्या नाकाचा. बाईंसमोर तीसजण होते. बाई चांगली आहे, पण तीसजण, अ‍ॅग्नेस! त्याच्यापाशी उकिडवं बसायला तिला वेळ कुठला? ती पुढच्या मुलाकडे गेली आणि तो खाली बसला. त्याची आजी नाही कुणाशी भांडायला. तो नव्या शाळेत जाणार नाही, त्याच्या घरी तो अर्ज भरणारं कुणी नाही. त्याच्यासाठी हात वर करायला मीच होते. त्या खोलीत दुसरं कोण होतं?

तू म्हणशील, मग दोघांसाठी का नाही भांडलीस? भांडले गं. बोर्डात भांडून घसा बसला. दोघांना पुरतील एवढे पैसे या गावाच्या घरांतून निघत नाहीत. रस म्हणतो कर वाढवू नका, तू म्हणतेस नवी शाळा बंद करू नका, आणि छप्पर गळतंय ते गळतंयच.

मला डेलेनीची बाजू घेता आली असती. तुझ्यासाठी घेता आली असती. हात टेबलावर होता आणि मी स्वतःला म्हणत होते, बर्नी, नको उचलू, म्हातारपणी एकटी पडशील. पण घंटेच्या वेळी मी लोक काय म्हणतील म्हणून वागले आणि पोरीला दुखावलं. पुन्हा कुणाच्या भीतीनं वागायचं नव्हतं मला. तुझ्यासुद्धा नाही.

मला हे बरोबर वाटलं म्हणून मी केलं. आणि आज सकाळी उठल्यापासून तीनदा तुझ्या खिडकीकडे बघून आले.

बर्नी


५ जुलै, बुधवार

अ‍ॅग्नेस,

कराची बिलं आली. वाढला तो वाढलाच. आणि मॅपल स्ट्रीट जूनमध्येच बंद झाली. दोन्ही झालं, बघ. बॉयलर बदलायला पैसे नाहीत म्हणून. मुलांना बसनं हायस्कुलाच्या इमारतीत नेणार. मी वाचवा वाचवा म्हणून पाटी लावली होती, ती काल उपटली. खांब वाकडा होता, निघेना. समोरून तू खिडकीतून बघत होतीस. वाटलं येशील मदतीला.

बोर्डाच्या मेमधल्या प्राथमिक निवडणुकीत मी पडले हे तुला कळलंच असेल. पार आपटले. उमेदवारी रस बोयरला मिळाली.

बर्नी


१४ नोव्हेंबर, मंगळवार

अ‍ॅग्नेस,

अभिनंदन. तुमच्या शाळेचं अपील मंजूर झालं. राजधानीतल्या मंडळानं आमचा ठराव रद्द केला, सनद पाच वर्षांसाठी वाढली. तुझ्या पोर्चवर माणसं जमली होती, हसण्याचा आवाज इकडे आला. केक होता ना? कर्टिसनं सांगितलं, चॉकलेटचा होता.

म्हणजे माझ्या त्या हातानं काय झालं? शाळा चालू आहे, ती चालूच राहणार. कर वाढला, तो वाढणारच होता. मॅपल स्ट्रीटला कुलूप लागलं, तेही लागणारच होतं. तो बसक्या नाकाचा मुलगा आता बसनं जातो, मी त्याला कोपऱ्यावर बघते. त्याचं काही बदललं नाही. मी हात वर केला नसता तरी सगळं असंच झालं असतं. फक्त तू असतीस.

माझ्या मतानं एवढंच काय ते झालं.

हे तुला रडवायला लिहीत नाहीये. तू रडणारी नाहीस. मीच काल रात्रीचं जेवण टाकून दिलं, एकटीसाठी सूप करायला बसले आणि नेहमीच्या अंदाजानं पातेलंभर केलं. थँक्सगिव्हिंगला मुलगा येत नाही, विमानाची तिकिटं महाग आहेत म्हणतो. मला टर्की नको आहे. मला कुणीतरी ग्रेव्ही फार खारट झाली म्हणून टोकायला हवं आहे. ते काम या जगात एकच बाई करते.

डेलेनी उंच झाली. बसच्या कोपऱ्यावर दिसते. मी हात करते, ती पण करते, कमरेपाशी, तुला दिसू नये असा. तिला रागावू नकोस त्यावरून.

बर्नी


२२ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

अ‍ॅग्नेस,

आज तू समोर होतीस आणि आपण बोललो नाही, म्हणून लिहिते. नाहीतर काय लिहिण्यासारखं होतं?

यंदा लेंटमध्ये पिरोही करायला जाणारच नव्हते मी. फादर मिरोंनी घरी येऊन ओढून नेलं. म्हणाले, "बायका कमी पडतायत, बर्नी, तुमचं भांडण देवाच्या हवाली करा आणि पीठ मळा." गेले. लाटायला मला कुणी जोडीदारीण मिळाली नाही. मीच लाटायचं, मीच भरायचं, मीच कडा दाबायच्या. तू पलीकडे पातेल्यांपाशी होतीस, झाऱ्यानं पिरोही काढत, चष्मा धूसर करून. दोघींच्या मधे अख्खं तळघर.

मी बघत होते, तू माझा ट्रे उकळायला घेतलास. एक पिरोही काढलीस, सुरीनं कापलीस, कड चाखलीस आणि तोंड वेडंवाकडं केलंस. मग डेलेनीला जवळ बोलावून तिच्या कानात काहीतरी सांगितलंस.

ती निघाली. ओल्या फरशीवरून, हळूहळू, माझ्याकडे. वर्षभरानं ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. माझे हात पिठातच होते.

"आ... आ... आजी म्हणते," ती म्हणाली, "तुमच्या क... कडा जाड होतात. शिजत नाहीत."

बरं झालं अपमान केलास. मी म्हणणार होते काहीतरी, जिभेवर आलंच होतं. पण तिचं संपलं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "प..."

आणि अडली. अ‍ॅग्नेस, तोच शब्द. ओठ मिटलेले, डोळे बंद, कान लाल. प, प, प. शेजारच्या टेबलावर मेरी जो तिला शब्द सांगायला पुढे झाली, तिच्याकडे मी असं बघितलं की ती मागे सरली. भिंतीवर घड्याळ आहे, मला माहीत आहे. मी त्याच्याकडे पाठ केली. हातातली पिरोही खाली ठेवली आणि पोरीकडे बघत उभी राहिले. मी म्हटलं, "वेळ घे, कुणाच्या घराला आग लागलेली नाही." तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बंद केला.

मी उभी राहिले असते, अ‍ॅग्नेस. ईस्टरपर्यंत उभी राहिले असते.

आला. नेहमी येतो.

"पण सारण पणजीच्यासारखं झालंय," ती म्हणाली.

ते "पण" तुझं होतं की तिनं स्वतःच्या मनानं जोडलं, मी विचारलं नाही. तूही मला कधी सांगू नकोस. मी डोळे पुसायला गेले आणि सगळं तोंड पिठानं भरलं, तेव्हा डेलेनी खुदकन हसली. मी तिला कुशीत ओढलं, ती मावली नाही, एवढी मोठी झाली आहे ती. मग मी तिच्याजवळ निरोप दिला. तिनं तो तुला दिला की नाही मला माहीत नाही, तिला वेळ लागतो आणि तुझी पातेली उतू जात होती. म्हणून इथं लिहिते.

तिला मी सांगितलं, "आजीला म्हणावं, कडा जाड होतात कारण पोळी जाड होते. पोळी जाड होते कारण मला लाटता येत नाही. मला कधीच येत नव्हतं. ते तिचं काम आहे."

ती गेली तुझ्याकडे. तू मान वर केली नाहीस. पण झारा ठेवलास आणि अ‍ॅप्रनला हात पुसलेस. बराच वेळ पुसत होतीस. मी बघितलं.

तुझं लाटणं टेबलाखालच्या खणात आहे, वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या गुरुवारी पीठ मी जरा जास्तच मळून ठेवते.

हे पत्र पिट्सबर्गला पाठवत नाही. इतका वेळ नाही मला. कर्टिसला म्हणणार आहे, चालत जा आणि टाक.

बर्नी